गोल करत नाही, मग करते काय?

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : माझी नात आठवीत आहे, इंदुरातच एका क्लबकडून फुटबॉल खेळते. सरांनी तिला मिडफिल्डला ठेवलंय. रविवारी आम्ही घरचे सगळे मॅच बघायला जातो आणि गोल मारतात दुसऱ्याच मुली. पेपरात नावंही त्यांचीच येतात. सूनबाई म्हणतात, सरांना भेटून हिला पुढं खेळवायला सांगा. मी जन्मभर क्रिकेट पाहिलं, फुटबॉलचं मला फारसं कळत नाही. मधल्या जागेवर खेळून कुठल्या मुलीचं नाव झालंय का?
– नातीचे आजोबा, रामबाग, इंदूर

उत्तर : काका, सरांना जरूर भेटा, पण आभार मानायला.

एवढ्या वयाच्या पोरींचा संघ कसा लावतात ते सांगते, माझी सगळी नोकरी त्यातच गेली. जी सुसाट पळते ती पुढं. जी अंगानं दणकट आणि कुणाच्या बापाला न भिणारी, ती मागं. उंच आहे आणि बाकी काहीच जमत नाही, ती गोलकीपर. (गोलकीपर पोरींनो, रागावू नका, पुढं तुम्हीच सगळ्यांत शहाण्या निघता.) आणि मधे कोण? आपल्या पाठीमागं काय चाललंय हे जिला न सांगता कळतं, ती. अशी पोर एका बॅचमध्ये एखादीच सापडते. सापडली की कोच तिला तिथून हलवत नाही, आणि घरचे नेमके तिला हलवायला येतात.

तुम्ही क्रिकेटवाले, तर तुमच्याच गल्लीतून जाऊ. आपलं गाव सी. के. नायडूंचं आणि चारदा रणजी जिंकलेल्या होळकर संघाचं. राहुल द्रविडचा जन्मही इंदूरचा. त्याचे षटकार कधी मोजलेत तुम्ही? तो खेळपट्टीवर किती वेळ होता आणि त्यामुळं बाकीच्यांना काय करता आलं, हेच बघितलंत ना? तीच नजर घेऊन मैदानावर या.

आता नाव हवंय तर घ्या : फॉर्मिगा. ब्राझीलची मिडफिल्डर. मिराइल्डिस मासिएल मोटा हे तिचं खरं नाव, पण त्या नावानं तिला कुणी ओळखत नाही. जन्म ३ मार्च १९७८, बाहिया राज्यातल्या साल्वादोर शहरात. त्या दिवशी ब्राझीलमध्ये बाईनं फुटबॉल खेळणं बेकायदा होतं. हो, त्याच ब्राझीलमध्ये, जिथं पेलेची पूजा होते. १९४१ साली सरकारनं फर्मान काढलं होतं की स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ बायकांनी खेळू नयेत. ही बंदी उठली १९७९ मध्ये, म्हणजे आपली ही बाई रांगून उभी राहायला लागली तेव्हा. कायदा गेला तरी माणसं तीच राहतात. घरात भावांना तिचं खेळणं मान्य नव्हतं, आई मात्र पाठीशी उभी राहिली. (हे आपल्याकडं वेगळं असतं असं कुणाला वाटत असेल त्यांनी चिमणबागेच्या मैदानाबाहेर स्कूटरवर बसून राहिलेल्या आयांशी जरा बोलून बघावं.)

१९९५ मध्ये स्वीडनला महिलांचा विश्वचषक झाला, तिथं ती सतराव्या वर्षी ब्राझीलकडून उतरली. पुढच्या वर्षी अटलांटाला ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉल पहिल्यांदाच आलं, तिथंही ती होती. त्या काळात ब्राझीलच्या बायकांना पुरुषांच्या संघाचे उरलेले कपडे मिळायचे. खांद्याची शिवण कोपरावर यायची. आमच्या शाळेतही मुलांच्या जुन्या जर्सी मुलींना द्यायची पद्धत होती, आम्ही त्या पोटाशी गाठ मारून घालायला लावायचो. त्यामुळं ही साता समुद्रापलीकडची पोर मला कधी परकी वाटली नाही.

तिथून पुढं मोजा. १९९५, १९९९, २००३, २००७, २०११, २०१५, २०१९ : सात विश्वचषक. अटलांटा, सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन, रिओ, टोकियो : सात ऑलिंपिक. टोकियोपर्यंत महिला फुटबॉल जितक्या ऑलिंपिकमध्ये खेळलं गेलं, तितक्या सगळ्यांत ती होती. असं दुसऱ्या कुणाचंच नाही. २०१९ च्या संघात तिच्या काही सहकारी अशा होत्या, ज्यांचा १९९५ साली जन्मही झालेला नव्हता.

आणि मिळालं काय? एकही जगज्जेतेपद नाही. ऑलिंपिकचं सोनं नाही. २००४ ला अथेन्समध्ये अंतिम सामना जादा वेळेत अमेरिकेनं घेतला, २ विरुद्ध १. २००७ च्या विश्वचषकात याच अमेरिकेला उपांत्य सामन्यात चार-शून्य असं धुतलं आणि अंतिम सामन्यात जर्मनीकडून दोन-शून्य हरल्या. २००८ ला बीजिंगमध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा अमेरिका, पुन्हा जादा वेळ, एक-शून्य. या सगळ्या काळात जगानं नाव ऐकलं ते तिच्याच संघातल्या मार्ताचं. सहा वेळा जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली ती, आणि रास्तच ठरली. पण मार्ता समोरच्या तिघींना चकवायला निघायची, तेव्हा बॉल गेला तर तो परत आणायला मागं कुणीतरी असायला लागायचं. ते काम फॉर्मिगाचं. तुमच्या नातीचंही तेच काम आहे, काका.

रिओनंतर, २०१६ मध्ये, तिनं राष्ट्रीय संघ सोडला. वय ३८, सत्कार झाले, सगळं रीतसर. पण तिच्या जागेवर उभी राहील अशी दुसरी सापडेना. प्रशिक्षकांनी विनंती केली आणि २०१८ मध्ये ती परत आली. ज्या खेळाडूचं काम कुणाला दिसत नाही असं आपण म्हणतो, तिच्यावाचून दोन वर्षांत संघाचं अडतं, हे मला फार बोलकं वाटतं. २०१९ चा विश्वचषक ती ४१ व्या वर्षी खेळली, आणि शोभेला नव्हे. गटात दोन पिवळी कार्डं घेतली आणि एका सामन्याला बाहेर बसली. चाळिशी उलटलेल्या बाईला टॅकलसाठी कार्ड मिळतं म्हणजे ती अजून बॉलपर्यंत पोचतेय.

शेवटचा सामना कुणाविरुद्ध खेळली माहितेय? आपल्याविरुद्ध. २५ नोव्हेंबर २०२१, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं मनाउस शहर, ब्राझील विरुद्ध भारत. ब्राझीलनं सुरुवातीलाच गोल केला आणि आठव्या मिनिटाला आपल्या मनीषा कल्याणनं बरोबरी साधून दिली. त्या गोलला मी एकटीच घरात ओरडले, शेजारच्या वहिनी विचारायला आल्या. पुढं सहा-एक हरलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही, ब्राझील आहे ते. उत्तरार्धात बऱ्याच उशिरा फॉर्मिगा मैदानावर आली आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. वय ४३. उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या त्या लोकांना, तिनं एकूण गोल किती केले असं विचारलं असतं, तर बहुतेकांना सांगता आलं नसतं.

मिडफिल्डर गोल करतच नाही असंही नाही हं. जपानच्या होमारे सावाचं उदाहरण सूनबाईंना सांगा, त्यांना ते जास्त आवडेल. सावा १९९३ मध्ये पंधराव्या वर्षी जपानकडून पहिला सामना खेळली आणि त्याच सामन्यात चार गोल केले. २०५ सामने, ८३ गोल. २०११ च्या विश्वचषकात कर्णधार. मार्चमध्ये जपानला त्सुनामीनं झोडपलं होतं आणि जुलैत या मुली फ्रँकफर्टला अंतिम सामना खेळत होत्या. जादा वेळेतली ११७ वी मिनिट, अमेरिका २-१ नं पुढं. तिच्या संघातल्या मियामानं कॉर्नर घेतला. सावा गर्दीतून जवळच्या खांबाकडं सुटली, गोलकडं जवळजवळ पाठ, आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं बॉलला नुसता धक्का दिला. बरोबरी. पेनल्टीवर जपान जिंकला. स्पर्धेत सर्वाधिक गोल तिचेच, सर्वोत्तम खेळाडूही तीच. हा गोल बघताना पाय बघू नका, तिनं धाव कधी सुरू केली ते बघा. ते डोकं मिडफिल्डरचं.

आता गृहपाठ. येत्या रविवारी पहिली दहा मिनिटं बॉलकडं बघूच नका, फक्त नातीकडं बघा. बॉल तिच्याकडं यायच्या आधी ती मान वळवून खांद्यावरून मागं बघते का? एकदा, की दोनदा? बॉल घेताना अंग पूर्ण बॉलकडं असतं, की अर्धं वळलेलं, म्हणजे घेतला की लगेच पुढं जाता येईल असं? पास दिल्यावर जागेवर उभी राहून बघत बसते, की दुसऱ्या मोकळ्या जागेत सरकते? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आपल्या संघाचा बॉल गेला की तिची पहिली चार-पाच पावलं कुठल्या दिशेला पडतात? यातलं निम्मं जरी ती करत असेल तर सरांनी तिला बरोबर ओळखलंय. गोल झाल्यावर घरचे टाळ्या वाजवतात, त्या गोलच्या आधीचा पास आणि त्या आधीचा पास कुणाचा होता हेही बघत जा.

एक गोष्ट मात्र खटकली. सर काय म्हणतात, सूनबाई काय म्हणतात, पेपरात काय येतं, सगळं पत्रात आहे. नात काय म्हणते ते कुठंच नाही. तिलाच पुढं खेळावंसं वाटत असेल तर तिनं स्वतः सरांशी बोलावं. या वयात जागा बदलून बघण्यात काही बिघडत नाही. पण मागणी तिची हवी.

प्रश्न : आमच्या क्विझ ग्रुपात पैज लागली आहे. देशाकडून सर्वांत जास्त आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला फुटबॉलपटू कोण? मी रोनाल्डो म्हणालो.
– एक पैजवीर, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पैज हरलात भिया, कचोऱ्या तुमच्याकडून. अमेरिकेची क्रिस्टीन लिली, ३५४ सामने. पुरुषांत अजून कुणी अडीचशेलाही शिवलेलं नाही. १९८७ मध्ये सोळाव्या वर्षी सुरुवात, २०१० ला शेवट, पाच विश्वचषक, १३० गोल. आणि हीसुद्धा मिडफिल्डर, रामबागच्या काकांनी नोंद घ्यावी.

पण लिली म्हटलं की जुने लोक गोलची आठवण काढत नाहीत. १९९९ चा अंतिम सामना, कॅलिफोर्नियातलं रोझ बोल, नव्वद हजारांवर प्रेक्षक, समोर चीन, शून्य-शून्य, जादा वेळ. त्या काळी नियम असा की जादा वेळेत पहिला गोल पडला की सामना खलास. चीनच्या कॉर्नरवर हेडर आला, गोलकीपर चकली, बॉल गोलरेषेकडं निघाला, आणि खांबाला खेटून उभ्या असलेल्या लिलीनं तो डोक्यानं बाहेर काढला. कॉर्नरच्या वेळी त्या खांबापाशी उभं राहणं हे तिला ठरवून दिलेलं काम होतं. शंभरातल्या नव्वद वेळा तिथं काहीच घडत नाही, म्हणून बाकीच्या पोरी दोन पावलं पुढं सरकतात. ती सरकली नव्हती. पुढं अमेरिका पेनल्टीवर जिंकली.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. कॉलेजात फुटबॉल खेळायचे, मग चार वर्षांपूर्वी नोकरी लागली आणि सुटलं. फॉर्मिगा वगैरे चाळिशीत खेळतात असं वाचलं. मी पुन्हा सुरुवात केली तर भारताकडून खेळण्याची शक्यता आहे का? घरी लग्नाचं बघतायत.
– लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : खरं सांगू? भारताकडून खेळणं अवघड आहे, जवळजवळ अशक्यच म्हण. फॉर्मिगा चाळिशीत खेळली, पण सतराव्या वर्षापासून खेळणं मधे न सोडता; दोन वर्षं सोडला तो फक्त राष्ट्रीय संघ. तू चार वर्षं सोडलंस. त्या चार वर्षांत तुझ्या वयाच्या मुली आठवड्यात सहा दिवस सराव करत होत्या. कुणी तुला 'मनात आणलंस तर काहीही होतं' असं सांगत असेल तर त्याला विचार, तो स्वतः शेवटचा कधी पळाला.

पण पुन्हा खेळायला सुरुवात कर, हे मी दुप्पट जोरानं सांगते. जिल्ह्याच्या पातळीवर मिडफिल्डला डोकं असलेल्या मुलींची वानवा आहे, तू दोन मोसमांत तिथं सहज मुरशील. कोचिंगचा परवाना घ्यायचा असेल तर हे वय उत्तम. सुरुवात मात्र सांभाळून. पहिले काही आठवडे नुसतं धावणं आणि मांड्यांचे, पोटऱ्यांचे व्यायाम. मोठ्या सुट्टीनंतर थेट मॅचला उतरलेल्या मुलींचे गुडघे जातात, आणि बायकांना गुडघ्याचा तो आतला अस्थिबंध तुटण्याचा धोका पुरुषांपेक्षा जास्त असतो. बूट जुने असतील तर आधी ते टाक.

लग्नाचं तुझं तू बघ. मुलगा बघायला आला की रविवारी सकाळी तू कुठं असशील ते त्याला आधीच सांगून ठेव, म्हणजे झालं.

प्रश्न : तुम्ही नेहमी परदेशी खेळाडूंचं सांगता. आपल्या मुलींत अशी मिडफिल्डर आहे का? आणि खेळून पोट भरतं का? माझी मुलगी जिल्ह्याकडून खेळली आहे, पुढं न्यायचं की अभ्यासाला बसवायचं, घरात वाद चालू आहे.
– एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आहे की. संगीता बासफोर, पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये चिआंग माईला आपला सामना होता, यजमान थायलंडशीच. जो जिंकेल तो आशियाई चषकाला जाणार. आपण २-१ जिंकलो आणि दोन्ही गोल या मिडफिल्डरचे, पहिला अर्ध्या तासाच्या आत, दुसरा शेवटच्या वीस मिनिटांत. पात्रता फेरीतून खेळून आपल्या मुली आशियाई चषकाला पात्र ठरल्या, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. २०२२ ला स्पर्धा आपल्याच देशात होती म्हणून प्रवेश आपोआप मिळाला होता. तेव्हा इराणशी शून्य-शून्य बरोबरी झाली, पुढच्या सामन्याच्या वेळी कोविडमुळं उतरवायला पुरेशा मुलीच उरल्या नाहीत आणि स्पर्धाच सोडावी लागली. नवी मुंबईपर्यंत जाऊन परत आलेल्या त्या संघाचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून चिआंग माईचं महत्त्व.

पोटाचं म्हणाल, तर संगीता सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे. तमिळनाडूची इंदुमती कथिरेसन, तीही भारताची मिडफिल्डर, पोलिसात सबइन्स्पेक्टर. आपल्याकडं महिला फुटबॉलचा कणा आजही ही खेळाडू कोट्यातली नोकरी आहे : पोलीस, निमलष्करी दलं, रेल्वे. महिलांची राष्ट्रीय लीग आहे, काही जणी परदेशी क्लबांतही पोचल्या, मनीषा कल्याण तर युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय. पण नुसत्या क्लबच्या पैशावर घर चालेल अशा मुली आपल्याकडं थोड्याच.

म्हणून 'खेळ की अभ्यास' हा वादच मिटवा, या नोकऱ्यांना दोन्ही लागतं. बारावी, शक्य तर पदवी, आणि सोबत खेळाची प्रमाणपत्रं. मोठ्यांच्या गटात राज्याकडून खेळायचं तर राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे राजमाता जिजाबाई करंडक, हे नाव लक्षात ठेवा. विद्यापीठात गेली की आंतरविद्यापीठ स्पर्धाही भरतीत धरली जाते, कुठली स्पर्धा किती धरतात ते त्या त्या जाहिरातीत नीट वाचा.

आजपासून एक करा. मुलीच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर स्पर्धेचं पूर्ण नाव, तारखा, वयोगट आणि सही-शिक्का आहे का ते तपासा. नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच हवं. आपल्या मराठी घरांत मधे वडिलांचं नाव लावतात आणि इथल्या कागदांवर ते कधी असतं, कधी नसतं. यावरून पुढं फार पायपीट होते. चूक असेल तर ती संघटनेकडून याच मोसमात दुरुस्त करून घ्या. पदाधिकारी बदलले की जुन्या कागदावर सही करायला कुणी तयार होत नाही.